देवघरात मन लागत नाही, पण टाकळ्यापाशी लागतं

पत्र: मावशी, मी इंदिरानगरला राहते, वय ३८, बँकेत नोकरी आहे. सासूबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल, तेव्हापासून देवघर माझ्याकडे आलं. रोज पूजा करते, चुकवत नाही, पण खरं सांगते नुसते हात चालतात, डोक्यात ऑफिसचं चालू असतं, आत काहीच हलत नाही. जूनमधे मैत्रिणींबरोबर अंजनेरीला गेले होते. पायथ्याशी एक आजी रानातली भाजी खुडत होत्या, खुडायच्या आधी त्यांनी रोपाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला, बस एवढंच, आणि मला रडूच आलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीशेजारच्या रिकाम्या प्लॉटपाशी रोज थांबते, तिथे टाकळा आणि काय काय उगवलंय ते बघते, बरं वाटतं, कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात पण कुणाचे ते कळत नाही. सासूबाई त्र्यंबककडच्या, दर वर्षी शेवळं आणायच्या, आम्ही कुणी खायचो नाही म्हणून मग त्यांनी आणणं बंद केलं. मिस्टर म्हणतात आता गवताची पूजा करायची तेवढी बाकी आहे. हे देवाशी जोडलं जाणं आहे की माझ्या मनाचे खेळ? आभार मानायचे तर कसे मानू? आणि मी स्वतः रानभाज्या खुडायला लागू का? फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं अॅप घेतलंय.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: अगं, मिस्टरांच्या बोलण्यापासूनच सुरू करते, कारण ते चेष्टेत बोलले खरे पण बोलले अगदी बरोबर. गवताची पूजा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. गणपतीला वाहतो ती दूर्वा गवतच की, श्राद्धाला बोटात घालतात ती पवित्रकं दर्भाची, आणि आपल्या नाशिकची तर गंगाच, म्हणजे गोदावरी, एका गवताच्या काडीपायी आली. गोष्ट तुला माहीत असेल तरी सांगते. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, तिला हाकलायला त्यांनी दर्भाची काडी टाकली आणि गाय मेली, त्या पापातून सुटायला त्यांनी शंकराची तपश्चर्या करून गंगा खाली आणली, तर ती एका जागी थांबेना, इकडे गुप्त व्हायची तिकडे निघायची, शेवटी कुश टाकून त्यांनी तिला अडवलं ते कुशावर्त. म्हणजे पाप घडलं तेही गवताने आणि नदी थांबली तीही गवताने. अशी गोष्ट सांगणाऱ्या मुलखात तू टाकळ्यापाशी दोन मिनिटं उभी राहतेस तर त्यात वेड कसलं?

आता तुझा मोठा प्रश्न, देवाशी जोडणं की मनाचे खेळ. मला विचारशील तर तुला अंजनेरीच्या पायथ्याशी जे झालं ते खरं होतं आणि त्याला भक्ती म्हणायला मी अजिबात कचरणार नाही. रडू आलं ते त्या आजींनी काही मोठं केलं म्हणून नाही गं, तू रोज देवघरात जे करायचा प्रयत्न करतेस ते त्यांनी एका क्षणात, भाजी खुडता खुडता, कुणी बघतंय का याची फिकीर न करता केलं म्हणून. तुझ्या पूजेत काय काय येतं बघ जरा. फुलपुडी कॅरीबॅगमधून येते, कापूर डबीतून, उदबत्ती पुड्यातून, दूर्वासुद्धा दोरा गुंडाळलेली जुडी विकत येते. यातली एकही वस्तू उगवताना तू बघितलेली नाहीस. हात नुसते चालतात म्हणतेस, चालणारच, त्यांना ओळखीचं काही लागतच नाहीये.

आणि गंमत म्हणजे देवाला जे जे लागतं त्यातलं कितीतरी रानातलंच आहे. गणपतीच्या एकवीस पत्री आठव. दूर्वा, बेल, आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई, शमी, विष्णुक्रांता. यातल्या चार-पाच तरी तुझ्या त्या रिकाम्या प्लॉटवर आत्ता उभ्या असतील. पत्री गोळा करायची म्हणजे आधी पानं ओळखायला लागायची, कुठल्या ओढ्याला माका येतो आणि कुठल्या माळावर विष्णुक्रांता हे घरातल्या पोरीबाळींना माहीत असायचं. आता रविवार कारंजावर बांधलेला जुडगा मिळतो, त्यात नेमकी कुठली पानं आहेत ते विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. तेव्हा या गणपतीला माझं ऐक, पत्री विकत आणू नकोस. एकवीस मिळणार नाहीत, नाही मिळाल्या तर नाही, पाच मिळू देत पण तुझ्या ओळखीच्या मिळू देत. प्रत्येकीचं एकच पान घे, फांदी ओरबाडायची नाही.

आघाड्यापासून सुरुवात कर, तो ओळखायला सोपा. समोरासमोर पानं, आणि मधून उभी काठीसारखी लांबडी मंजिरी, तिची बारीक फुलं खाली तोंड करून दांड्याला चिकटलेली. बोट वरून खाली फिरवलं तर मऊ लागतं, खालून वर फिरवलं की टोचतं आणि बिया बोटाला येतात. जवळून गेलीस तर ओढणीला चिकटून घरापर्यंत येतील. हरतालिकेला हाच लागतो, गौरीला हाच लागतो. एकदा का असा हाताने ओळखलास ना, की देवापुढे ठेवताना डोक्यात ऑफिस येणार नाही, सकाळचा प्लॉट येईल, चिखल येईल, तिथे अंगावर आलेला कुत्रा येईल. हेच तर मन लागणं.

आता जरा नाजूक बोलते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. सासूबाई शेवळं आणायच्या, तुम्ही कुणी खायचा नाहीत, मग त्यांनी आणणं बंद केलं. आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही असं तू विचारतेस, तर मला वाटतं त्यातल्या एका माणसाचं नाव तू स्वतःच लिहिलंयस.

शेवळं काय असतात, करायला किती वेळ जातो हे कदाचित तुला माहीतच नसेल, म्हणून सांगते. पावसाच्या तोंडावर, पहिले एक-दोन पाऊस झाले की जमिनीतून पानाच्याही आधी नुसता जांभळट तपकिरी कोंब वर येतो, ते शेवळं. थोडेच दिवस मिळतं. वरची सालं एकेक करून काढायची, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं आणि त्याला काकडाचा रस घालायचाच घालायचा. काकड म्हणजे आपली कोशिंबिरीची काकडी नव्हे हं, जंगलातल्या झाडाचं आवळ्याएवढं हिरवं आंबट फळ. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, खाज सुटते, आणि आंबटाशिवाय भाजी केली तर खाणारा पुन्हा नाव घेणार नाही. म्हणून शेवळं विकणारी बाई काकडंही शेजारी घेऊन बसते, न मागता जुडीबरोबर चार काकडं टाकते. मग त्यात हरभऱ्याची डाळ नाहीतर वाल घालायचे, कुणी मटणात घालतात. म्हणजे तुझ्या सासूबाई बाजारात जाऊन शोधून आणायच्या, तासभर निवडत बसायच्या, हाताला खाज सोसायच्या, आणि ताटात वाढल्यावर सगळे म्हणायचे हे नको. तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये, अजिबात नाही. लहानपणी तोंडात न बसलेली चव मोठेपणी बसायला वेळ लागतो, सगळ्याच घरात होतं हे. पण त्यांचं माहेर, त्यांचं रान, त्यांची आई, सगळं त्या एका भाजीतून त्या तुम्हाला वाढत होत्या, आणि ते आत्ता, त्या नसताना, अंजनेरीच्या त्या आजींच्या हातात तुला दिसलं. रडू तिथून आलं असं मला वाटतं.

यंदाची शेवळं संपली. आता पुढच्या ज्येष्ठापर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. ही भाजी ऑर्डर केली आणि दहा मिनिटांत आली असं होत नाही, तिची वेळ तीच ठरवते. तोवर सासूबाईंच्या बहिणी असतील, भावजया असतील, त्र्यंबककडे फोन लाव आणि विचार की त्या कशी करायच्या, काकड की चिंच, डाळ की वाल. लिहून घे. पुढच्या वर्षी केलीस की पहिली वाटी त्यांच्या फोटोपुढे ठेव आणि मग सगळ्यांनी एकेक घास तरी खा. तुझ्या देवघरातल्या वर्षभराच्या पूजेत या एका वाटीला मी फार वरचं स्थान देईन.

आभार कसे मानायचे हे तू विचारतेस, तर ते आपल्या जिल्ह्यातल्याच लोकांकडून शिकण्यासारखं आहे. सुरगाणा, पेठ आणि पलीकडे गुजरातच्या डांगातल्या कोकणा आदिवासींमधे तेरा नावाचा सण असतो. तेरा म्हणजे रानातलं अळू. पाऊस पडला, पानं मोठी झाली, तरी लगेच कुणी खुडत नाही. आधी सगळ्यांनी मिळून देवाला द्यायचं, सण करायचा, आणि त्यानंतरच घरोघरी तेऱ्याची भाजी शिजते. कोळी भाजीचं, म्हणजे आपण जिला फोडशी म्हणतो तिचंही अशीच पहिली भाजी देवाला द्यायची रीत कितीतरी आदिवासी घरांत आहे. यात श्रद्धा आहेच, पण त्याचबरोबर किती शहाणपण आहे बघ, सण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणजे रोपाला मूळ धरायला आणि वाढायला तेवढे दिवस मिळतात, आणि अधाशासारखं कोवळं कोवळं कुणी एकट्याने संपवत नाही. खुडण्याची पद्धतही तशीच असते. शेवळाचा कोंब घ्यायचा, कंद जमिनीत ठेवायचा. फोडशीची पात कापायची, मूळ उपटायचं नाही. करटोलीचा वेल ओढायचा नाही, फळं तेवढी काढायची, कारण त्याचा कंद वर्षानुवर्षं तिथेच जगतो आणि दर पावसात पुन्हा फुटतो. आभार मानायचे म्हणजे डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं असं तुझ्या मनात असेल तर तेही कर, कुणी नाही म्हणत नाही, पण रोपाला खरोखर पोचतं ते हे, की त्याचं मूळ तू शाबूत ठेवलंस.

आणि दुसरे आभार माणसांचे, यावर मी जरा जोर देऊन बोलणार आहे. बुधवारी गंगेवर जा. बुधवारच्या बाजारात पेठ, हरसूल, त्र्यंबककडून बाया येतात, पळसाच्या पानावर नाहीतर गोणपाटावर छोटे छोटे वाटे मांडून बसतात. पहाटे, कधी आदल्या दिवशीच, डोंगर चढून, काट्यातून, पावसात, जळवा-किड्यातून ही भाजी आणलेली असते, मग जीप नाहीतर एसटी, भाडं वेगळं. आणि आपण गाडीवरून न उतरता विचारतो वीसला दोन दे की. मॉलमधे छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण इथे दहा रुपयांसाठी वाद घालतो, मला याचा मनापासून राग येतो. घासाघीस करायची नाही. उकिडवं बसायचं, मावशी ही कुठली भाजी, कशी करायची, कुठल्या डोंगरावर मिळाली हे विचारायचं, त्या सांगतात, हौसेने सांगतात, कारण त्यांना सहसा कुणी विचारतच नाही. हो, आणि तोंडापुढे मोबाईल धरून व्हिडिओ काढायचा नाही. त्या पोटासाठी येतात, आपल्या मनःशांतीचा देखावा म्हणून नाही. जंगलातलं हे सगळं गोळा करायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना दिलाय, तो त्यांच्या जगण्याचा भाग आहे, तेव्हा शहरातून गाड्या भरून जाऊन डोंगर साफ करून आणायचा जो प्रकार हल्ली सुरू झालाय त्यात तू पडू नकोस. ऑगस्टमधे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तिथेही जा, एकाच ठिकाणी खूप भाज्या बघायला मिळतात आणि पिकवणाऱ्या-वेचणाऱ्या बायांशी बोलता येतं.

आता स्वतः खुडायचं का. पहिलं वर्षभर नको. एवढी वर्षं ज्या गोष्टीकडे बघितलं नाही ती लगेच तोंडात घालायची घाई कशाला? ओळख होऊ दे आधी. तुझ्या प्लॉटवरचा टाकळाच घे, त्याच्यापासूनच सुरू झालंय ना सगळं. सकाळी बघतेस तसा एकदा दिवेलागणीला जाऊन बघ. पानाच्या तीन जोड्या असतात, दिवसा तळहातासारख्या उघड्या आणि अंधार पडायला लागला की खाली कलून एकमेकींना चिकटून मिटतात. रोज मिटतात, तू बघ नाहीतर नको बघू. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुलं येतील, मग विळ्यासारख्या बारीक लांब शेंगा, दिवाळीपर्यंत त्या वाळून तडकतील, त्यातलं बी भाजून कॉफीसारखं करून पितात लोक. मग रोप वाळून जाईल आणि प्लॉट उघडाबोडका होईल. वैशाखात तिथे उभी राहिलीस तर धुळीशिवाय काही दिसणार नाही, पण बी त्या धुळीत असेल हे तुला माहीत असेल. हे वर्ष पूर्ण बघ. कोवळ्या टाकळ्याची भाजी पहिल्या पावसात करतात, ती पुढच्या वर्षी कुणा जाणत्या बाईला बरोबर घेऊन, एकदा खुड. मधेच बिल्डरने जेसीबी फिरवला तर वाईट वाटेल, रडूही येईल, येऊ दे, ओळखीचं कुणी गेलं की येतंच. पण शेजारच्या गटारीच्या कडेला नाहीतर रस्त्याच्या दुभाजकात त्याचे भाऊबंद सापडतील, टाकळा इतक्यात हार मानणारा नाही.

फक्त देवाला चालतं म्हणजे पोटाला चालतं असं समजू नकोस, हे अगदी गाठ बांधून ठेव. धोत्रा महादेवाला वाहतात आणि तो विषारी आहे. रुई मारुतीला वाहतात, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे कुंपणावर कळलावी फुलते, पिवळ्यातून लाल होत जाणारी ज्वाळेसारखी फुलं, इतकी देखणी की पाय निघत नाही, आणि तिचा कंद जिवावर बेततो. कडूकंद म्हणून एक असतो, तो आदिवासी खातात ते चकत्या करून, उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा आणि विष जातं. कोणी तरी कधी तरी सोसून हे शोधलं आणि लेकीसुनांना सांगत आलं म्हणून ते आजपर्यंत आलं. म्हणून म्हणते, शिकायचं तर माणसाकडून शिकायचं.

जागेचंही बघावं लागतं. नासर्डीच्या काठचं काही खाऊ नकोस, त्यात सांडपाणी येतं. द्राक्षबागेच्या बांधावरचं तर बिलकुल नको, मखमलाबाद, म्हसरूळ, दिंडोरीकडे बांधावर घोळ, माठ, तांदुळजा इतका लुसलुशीत दिसतो की मोह होतो, पण पावसाळ्यात बागांवर बुरशीची औषधं मारलेली असतात आणि ती बांध बघून थांबत नाहीत. आणि अंजनेरीवरचं तोडायचंच नाही, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. बोरगडही तसंच, २००८ पासून. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. कंदिलासारखं छोटं फूल, आत बारीक केस खाली वळलेले, माशी आत शिरली की तिला बाहेर येता येत नाही, फूल तिला थोडा वेळ कोंडून ठेवतं, केस सुकले की सोडून देतं आणि ती पराग अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. या जातींचे कंद लोक उकरून खातात, गुरं चरतात, वर आपण ट्रेकवाले रीलसाठी आडवे पडून फोटो काढतो आणि खाली काय चिरडलं ते बघतही नाही. पुन्हा गेलीस की पायवाट सोडू नकोस. तिथे कृतज्ञता म्हणजे एवढंच, पाय कुठे पडतोय ते बघणं.

एक आईच्या मायेने विचारते. पूजेत मन लागत नाही एवढंच आहे ना, की झोप, भूक, कामातलं लक्ष हेही गेलंय? बाकी कशातच रस वाटत नसेल, सकाळी उठवत नसेल, तर झाडं मदत करतीलच पण तेवढ्यावर राहू नकोस, डॉक्टरांना भेट, दुःख लांबलं तर कधी कधी औषधपाणी लागतं आणि त्यात कमीपणा नाही.

मिस्टरांशी वाद नको घालूस. त्यांची आई गेलीये हे विसरू नकोस, शेवळं त्यांनीही नाकारली होती, चेष्टेच्या खाली काय दडलंय कुणाला माहीत. त्यांना ऋषिपंचमीला जेवायला घाल. भाद्रपदातली शुद्ध पंचमी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नेम आहे, नांगरटीचं काही चालत नाही, जे आपोआप उगवलं किंवा माणसाने हाताने कुदळून लावलं तेवढंच. बैल वर्षभर राबतो म्हणून एक दिवस त्याच्या कष्टातलं ताटात घ्यायचं नाही, इतक्या साध्या रीतीने आभार मानणारा दुसरा सण माझ्या माहितीत नाही. बुधवारच्या बाजारातून करटोली, भारंगी, चाईचा मोहर जे मिळेल ते आण, त्यात अळू, माठ, लाल भोपळा घाल, चिंच, मिरची, मीठ, बाकी मसाला काही नको. बाजाराला जाताना मिस्टरांनाही ने, पिशवी धरायला म्हणून ने. कुठली भाजी आई आणायची हे त्यांनाच आठवेल, तुझ्यापेक्षा जास्त आठवेल, त्यांना बोलू दे.

पूजा सोडू नकोस हं. वेळ कमी कर हवा तर, पण रोज एक वस्तू तुझ्या हाताने आणलेली असू दे, दूर्वेच्या दोन काड्या का असेनात.

राहिलं ते अॅप. ठेव, हरकत नाही, नाव कळायला सुरुवात म्हणून बरं आहे, मीही वापरते. पण पावसातल्या कोवळ्या रोपांचं ते सर्रास चुकतं, कारण फूल-फळ नसताना पानं एकसारखी दिसतात. त्याने सांगितलेलं नाव वहीत पेन्सिलीने लिही, बाजारातल्या मावशीला पान दाखव, तिने हो म्हटलं की पेनने लिही. आणि त्याच्या भरवशावर एकही पान तोंडात घालायचं नाही, चव बघायला म्हणून पण नाही.